बोलकी बाहुली आणि अबोल शहर

'अवतार' हा शब्द मराठी माणसाला आजवर दोन ठिकाणी भेटत आला. एकदा पुराणात आणि एकदा घराच्या उंबरठ्यावर, चिखलाने माखून आलेल्या पोराला पाहून आई 'हा काय अवतार!' म्हणते तेव्हा. आता तो तिसऱ्या ठिकाणी भेटू लागला आहे. १९८० नंतरच्या दशकात संगणकावरील खेळ रचणाऱ्या अमेरिकन तंत्रज्ञांनी खेळणाऱ्याच्या पडद्यावरील रूपाला हे संस्कृत नाव दिले. पुढे त्या रूपाला वाचा फुटली, ऐकण्याची शक्ती आली, आणि आज हा अवतार शिक्षकाच्या खुर्चीकडे पाहत वर्गाच्या दाराशी उभा आहे. पडद्यावर एक चेहरा दिसतो. तो ओठ हलवून बोलतो, शिकणाऱ्याचे बोलणे ऐकतो, चूक दाखवतो आणि पुन्हा विचारतो.

ही आता केवळ परदेशातील बातमी राहिलेली नाही. दूरदर्शनच्या किसान वाहिनीने मे २०२४ मध्ये 'क्रिश' आणि 'भूमी' असे दोन यांत्रिक निवेदक आणले. त्यांना ५० भाषा बोलता येतात, असे तेव्हा जाहीर करण्यात आले. त्याच वर्षी केरळात तिरुवनंतपुरमच्या एका शाळेत साडी नेसलेली 'आयरिस' ही यंत्रशिक्षिका मुलांपुढे उभी राहिली, आणि 'ड्युओलिंगो' या भाषाशिक्षणाच्या साधनाने 'लिली' या जांभळ्या केसांच्या चित्रमुलीशी समोरासमोर बोलण्याची सोय केली. मुंबईत तर त्याही आधी पवईच्या केंद्रीय विद्यालयातील संगणकाचे शिक्षक दिनेश पटेल यांनी पुठ्ठा, प्लास्टिक, लाकूड अशा टाकाऊ वस्तूंतून 'शालू' ही बोलकी यंत्रबाहुली घडवली होती. देशी-परदेशी अनेक भाषांत ती बोलते, आणि त्यांत मराठीही आहे.

भाषा शिकवण्याचे काम असे चेहरे करू शकतील काय, हा प्रश्न मुंबईपुरता तरी केवळ कुतूहलाचा नाही. गिरगावपासून लालबागपर्यंतच्या पट्ट्यात भाषा शिकू पाहणारे दोन प्रकारचे लोक राहतात. पहिला वर्ग आहे मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा. इंग्रजी बोलण्याच्या भीतीने ज्यांच्या जिभेला कुलूप लागते. दुसरा आहे या शहरात कामासाठी आलेल्या अमराठी माणसांचा. परळच्या रुग्णालयातील परिचारिका, बँकेत नव्याने बदलून आलेला कारकून, गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या उंच इमारतींत काम करणारी तरुण मंडळी यांना मराठी हवी असते, पण ती शिकवील कोण आणि तिचा सराव करू देईल कोण, हे त्यांना उमगत नाही. या दोन्ही वर्गांना ही बोलकी प्रतिमा काय देऊ शकते आणि काय देऊ शकत नाही, याचा शांतपणे विचार व्हायला हवा.

खरे तर लालबाग-परळच्या आणि गिरगावच्या माणसाला बोलक्या प्रतिमेचे नवल वाटण्याचे कारण नाही. गणेशोत्सवातील हलते देखावे पाहण्यासाठी येथील माणसे पिढ्यानपिढ्या रांगा लावून उभी राहिली आहेत. मान डोलावणारा राजा, हात उगारणारा राक्षस आणि पडद्यामागून येणारा ध्वनिफितीवरचा भारदस्त आवाज यांचे मिळून जे नाट्य घडते, ते अवताराचेच जुने रूप म्हणता येईल. गिरणगावातील मुलांच्या कानांवर पल्लेदार मराठी पडत आली ती पुष्कळदा अशाच देखाव्यांतून. शब्दभ्रमाची कलाही मराठी प्रेक्षकाला परकी नाही. य. के. पाध्ये यांनी शतकापूर्वी घडवलेला आणि रामदास पाध्ये यांनी घरोघर पोचवलेला अर्धवटराव हा महाराष्ट्राचा लाडका बोलका बाहुला. परंतु अर्धवटराव बोलतो तेव्हा बोलणारा माणूस शेजारीच बसलेला असतो, आणि हे प्रेक्षकाला पुरते ठाऊक असते. त्या ठाऊक असण्यातच खरी गंमत असते. नव्या बाहुलीचा बोलविता धनी मात्र दिसत नाही. तो कोठे बसला आहे, त्याने भाषा कोणाकडून घेतली आणि ऐकलेल्या बोलण्याचे तो काय करतो, हे शिकणाऱ्याला कळत नाही.

आवाज एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा, याचा एक बोलका दाखला दक्षिण कोरियाने दिला आहे. तेथील देगू शहराच्या प्राथमिक शाळांत डिसेंबर २०१० मध्ये इंग्रजी शिकवण्यासाठी २९ यंत्रमानव दाखल झाले. 'एन्ग्की' असे त्यांचे नाव. मुलांशी बोलणारे शिक्षक प्रत्यक्षात दूर फिलिपिन्समध्ये बसलेले होते. त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव टिपून ते यंत्राच्या पडद्यावर उमटत. मात्र पडद्यावर दिसणारा चेहरा त्या फिलिपिनो शिक्षकांचा नव्हता. तो एका गोऱ्या बाईचा होता. इंग्रजी उत्तम शिकवणाऱ्या आशियाई माणसाचा आवाज चालतो, पण चेहरा चालत नाही, असा त्याचा अर्थ मुलांनी घेतला तर दोष कोणाला द्यायचा? प्रतिमा निवडताना भाषेबरोबर प्रतिष्ठेची उतरंडही शिकवली जाते. गिरगावातल्या शाळेत उद्या इंग्रजी शिकवणारा अवतार आला, तर त्याचा चेहरा कोणाचा असावा हा प्रश्न म्हणूनच वरवरचा ठरत नाही.

यंत्राने बोलणे आणि भाषा शिकवणे या दोन गोष्टींची गाठ फार जुनी आहे. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकातील भाषाशास्त्राच्या प्राध्यापकाच्या खोलीत ध्वनिमुद्रण करणारे यंत्र आणि मेणाच्या नळ्या आहेत. रस्त्यावर फुले विकणाऱ्या एलायझाला उच्चभ्रूंची भाषा बोलायला शिकवण्याची तो पैज घेतो. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये 'ती फुलराणी' या नावाने हे नाटक मराठीत आणले आणि भक्ती बर्वे यांनी साकारलेली मंजुळा मराठी प्रेक्षकांच्या मनात कायमची घर करून राहिली. त्याआधी १९६६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशास्त्र संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी माणसाशी टंकलिखित संवाद करणारी संगणकीय रचना प्रसिद्ध केली आणि तिला याच फुलवालीचे 'एलायझा' हे नाव दिले. समोरच्याच्या वाक्यातील शब्द उलटवून त्याचाच प्रश्न करणे, एवढीच तिची करामत होती. तरीही माणसे तिच्यापाशी मन मोकळे करू लागली. वायझेनबाउम यांच्या स्वतःच्या सचिवाने त्या यंत्राशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले, ही हकिकत प्रसिद्धच आहे. यंत्रावर माणूस इतक्या सहजपणे विश्वास टाकतो हे पाहून वायझेनबाउम अस्वस्थ झाले आणि पुढे ते संगणकाच्या अतिरेकी भक्तीचे कठोर टीकाकार बनले.

आजच्या बोलक्या प्रतिमा त्या एलायझाच्या कितीतरी पुढे गेलेल्या आहेत. त्यांच्या पोटात चार कामे चालतात. बोललेला आवाज अक्षरांत उतरवायचा, त्या अक्षरांना साजेसे उत्तर तयार करायचे, ते उत्तर पुन्हा आवाजात बदलायचे, आणि त्या आवाजाशी जुळतील असे ओठ व डोळे हलवायचे. ही चारही कामे क्षणार्धात होतात म्हणून संवादाचा आभास होतो. अशा यंत्राचा शिक्षणात उपयोग नाही असे म्हणणे हा हटवादीपणा ठरेल. उपयोग आहे, आणि तो नेमका कोठे आहे हे प्रथम मान्य केले पाहिजे.

नवी भाषा शिकताना व्याकरणापेक्षा मोठा अडसर असतो तो लाजेचा. आपण चुकू, समोरचा हसेल, या धास्तीने येत असलेले शब्दही ओठांपर्यंत येत नाहीत. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी १९८० च्या सुमारास हेच तत्त्व मांडले. भीती आणि संकोच यांची चाळणी आड आली की ऐकलेली भाषाही आत झिरपत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. मुंबईतील मराठी शाळांच्या शिक्षकांना हे सिद्धांतावाचूनही ठाऊक आहे. लेखी परीक्षेत इंग्रजीचे उत्तम गुण मिळवणारा विद्यार्थी मुलाखतीच्या खोलीत मुका होतो. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकून मागच्या पिढ्यांनी इंग्रजी वाचायला आणि लिहायला शिकून घेतले, पण बोलायची वेळ आली की त्यांचीही जीभ जड होई. यंत्रापुढे ही लाज उरत नाही. एकच वाक्य पन्नास वेळा चुकीचे बोलले तरी बाहुली हसत नाही, कंटाळत नाही आणि शेजारच्या बाकावर जाऊन सांगतही नाही. नटाला रंगभूमीवर जाण्यापूर्वी रिकाम्या नाट्यगृहात तालीम करता येते. भाषा शिकणाऱ्याला अशी तालमीची जागा आजवर नव्हती. बोलक्या प्रतिमेने ती दिली, एवढे श्रेय तिला निःसंशय द्यावे लागेल.

मुंबईत मराठी शिकू पाहणाऱ्या परप्रांतीयाची अडचण याहून वेगळी, आणि मराठी माणसाला अधिक विचार करायला लावणारी आहे. दादरच्या बाजारात त्याने अडखळत 'मला अर्धा किलो...' अशी सुरुवात करावी, तोच समोरून हिंदीत भाव सांगितला जातो. कचेरीत त्याने मराठीत नमस्कार करावा आणि सहकाऱ्याने पुढचे सारे संभाषण हिंदीत करावे. यामागे तुच्छता नसते. असला तर सौजन्याचा अतिरेक असतो. पाहुण्याला त्रास नको, या भावनेने मराठी माणूस आपली भाषा चटकन खिशात ठेवतो. परिणाम मात्र असा होतो की मराठीच्या राजधानीत दहा वर्षे काढूनही माणसाला मराठीची दहा वाक्ये बोलण्याची संधी मिळत नाही, आणि मग तो मराठी शिकत नाही म्हणून आपणच रागावतो. बोलकी प्रतिमा या बाबतीत मुंबईकरापेक्षा अधिक निष्ठावान म्हणावी लागेल. तिला मराठीचा पाठ दिला असेल, तर समोरचा कितीही अडखळला तरी ती हिंदीत वळत नाही.

याचे मोल किती मोठे आहे हे पाहायचे असेल तर परळच्या रुग्णालयांकडे पाहावे. १९२६ पासून केईएम आणि १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय येथे उभे आहे. कोकणातून, देशावरून, विदर्भ-मराठवाड्यातून आलेले रोगी तेथे येतात. डॉक्टर आणि परिचारिका भारताच्या सर्व प्रांतांतून येतात. रोगी सांगतो, 'कणकण वाटते', 'पोटात मुरडा येतो', 'छातीत कळ येते', 'पायाला मुंग्या येतात', 'जखम ठणकते', 'पाठीत चमक भरते'. ही सारी दुखण्याचीच वर्णने असली तरी प्रत्येकाचा वैद्यकीय अर्थ निराळा. कळ आणि ठणका यांतील फरक शब्दकोशात शोधत बसायला खाटेपाशी वेळ नसतो, आणि 'दर्द है' या दोन शब्दांत तो फरक हरवून जातो. अशा नव्या परिचारिकेसाठी सांगली किंवा सिंधुदुर्गाकडील वृद्ध रोग्याची बोलकी प्रतिमा तयार केली, तिच्याकडून प्रश्न विचारण्याचा आणि उत्तर समजून घेण्याचा सराव करून घेतला, तर खऱ्या रोग्यापुढे उभे राहताना तिचा आत्मविश्वास कितीतरी वाढलेला असेल. तालमीत झालेली चूक कोणाच्या जिवावर बेतत नाही, हा बाहुलीचा फार मोठा गुण होय.

परंतु मराठीची बाहुली घडवणे हे इंग्रजी बाहुलीला नऊवारी नेसवण्याइतके सोपे नाही. देवनागरी लिपी उच्चारानुसार चालते असे अभिमानाने म्हटले जाते. पण मराठीच्या 'च', 'ज', 'झ' या अक्षरांना दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपी त्यांतील भेद दाखवत नाही. 'जग' हा शब्द विश्व या अर्थी एका प्रकारे उच्चारला जातो, आणि 'चांगला जग' या आज्ञेत दुसऱ्या प्रकारे. म्हातारपण या अर्थाची 'जरा' आणि 'जरा थांब' यातील 'जरा' डोळ्यांना सारखीच दिसतात, कानांना नाही. अर्थ कळल्याशिवाय उच्चार कळत नाही, अशी ही अडचण आहे. हिंदीच्या साच्यात ओतलेले यंत्र येथे हटकून चुकते, आणि त्याच्याकडून शिकणारा ती चूक आयुष्यभर जपतो. त्यात तीन लिंगांचा आणि सामान्यरूपांचा घोळ असतोच. 'घोडा' पण 'घोड्याला', 'पाणी' पण 'पाण्यात', हे रूप बदलणे मराठी मूल घरात नकळत शिकते. बाहेरून आलेल्याला ते पायरी पायरीने शिकवावे लागते.

त्याहून नाजूक प्रश्न संबोधनांचा आहे. मराठीत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांच्यामधून समाजाचे सारे नातेसंबंध वाहतात. गिरगावच्या चाळीत आईला 'अगं' म्हणणारे मूल वडिलांना 'अहो' म्हणत असे. शेजारच्या काकूंना काय म्हणायचे आणि वाण्याला काय म्हणायचे हे कोणी फळ्यावर लिहून शिकवले नव्हते. बाजारात 'काय देऊ, ताई?' आणि कार्यालयात 'बसा, साहेब' यांतील अंतर व्याकरणाचे नसून माणसांतील आहे. यंत्राला याचे नियम सांगता येतील, पण चुकीच्या 'तू'ने समोरच्याच्या कपाळावर जी आठी उमटते, ती पडद्यावरच्या कपाळावर मनापासून उमटत नाही. अशी आठी पाहूनच माणूस भाषा शिकतो.

आणि मुळात ही बाहुली कोणती मराठी बोलणार? लालबाग-परळच्या चाळींत गिरण्यांच्या काळापासून रत्नागिरी-सिंधुदुर्गाचे, साताऱ्या-सांगलीचे, कोल्हापूरचे कामगार एकत्र राहिले. 'कुठे गेला होतास?' हा एकच प्रश्न एका खोलीत 'खंय गेल्लंस?' असा आणि शेजारच्या खोलीत 'कुठं गेल्तास?' असा विचारला जाई. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे बंद होत गेले, अनेक कुटुंबे पांगली. तरी या बोली अजून तेथील घरांत जिवंत आहेत. पुस्तकी मराठीवर वाढलेले यंत्र अशा घरातल्या मुलाचे बोलणे ऐकून लाल खूण करू लागले, तर जे काम शाळेतील असंवेदनशील शिक्षकाने मागे केले तेच यंत्र अधिक शिस्तीने करील. अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या आणि भारतीय नागरिकत्व स्वीकारलेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी याच प्रश्नाचा अभ्यास केला होता. फलटणमधील निरनिराळ्या समाजांच्या बोलण्यातील भेद हा त्यांच्या संशोधनाचा विषय. पुढे त्यांनी जाई निंबकर यांच्यासह परभाषकांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके लिहिली आणि फलटणच्या वंचित मुलांना वाचायला शिकवण्यात आयुष्य वेचले. परकी भाषा इतकी आपलीशी करता येते, हे त्यांनी दाखवले. पण त्यासाठी त्या फलटणच्या माणसांत जाऊन राहिल्या होत्या.

माणसात राहण्याला पर्याय आहे काय, याचे एक शास्त्रीय उत्तरही उपलब्ध आहे. अमेरिकेतील संशोधिका पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी घरांतील नऊ महिन्यांच्या बाळांना १२ बैठकांत चिनी भाषा ऐकवण्यात आली. काही बाळांपुढे चिनी बोलणारी माणसे प्रत्यक्ष बसून खेळली, तर काहींना तीच माणसे चित्रफितीत दाखवली किंवा त्यांचा केवळ आवाज ऐकवला. माणसांबरोबर खेळलेली बाळे चिनी ध्वनींतील भेद ओळखू लागली. पडद्याकडे पाहणाऱ्या बाळांच्या पदरात काहीच पडले नाही. हा निष्कर्ष तान्ह्या मुलांचा आहे आणि त्या चित्रफिती उत्तर देणाऱ्या नव्हत्या, म्हणून तो मोठ्यांना जसाच्या तसा लावणे योग्य होणार नाही. तरी त्यातील इशारा स्पष्ट आहे. भाषा कानांनी ऐकली जाते, पण ती रुजते कोणाशी तरी नाते जोडण्याच्या गरजेतून. न्यू जर्सीतील मराठी कुटुंबातील मूल रविवारी मराठी शाळेत जे शिकते त्याला अर्थ येतो तो गिरगावातल्या आजीशी दूरध्वनीच्या पडद्यावर बोलताना. आजीही तेथे पडद्यावरच असते. पण तिला नातवाचे उत्तर खरोखरच हवे असते, आणि हे त्या मुलाला समजते.

महाराष्ट्राला शिक्षणातील यंत्रांचा उत्साह आणि त्याची ओहोटी दोन्ही परिचयाची आहेत. शाळांसाठी कार्यक्रम तयार करणारी पुण्याची 'बालचित्रवाणी' १९८४ मध्ये मोठ्या अपेक्षेने सुरू झाली आणि २०१७ मध्ये बंद पडली. भाषा-प्रयोगशाळांचेही पुष्कळ ठिकाणी तेच झाले. श्रवणयंत्रे धूळ खात पडली आणि शिक्षक खडू घेऊन पुन्हा फळ्याकडे वळले. यंत्र आणून ठेवणे सोपे असते. ते कोणत्या पाठाला, किती वेळ आणि कशासाठी वापरायचे हे शिक्षकाला विचारून ठरवले नाही, तर ते शाळेच्या शोकेसमधील वस्तू बनते. बोलक्या प्रतिमेच्या बाबतीत हा धोका दुहेरी आहे. एक तर ती अडगळीत जाईल, किंवा पैसे वाचतात म्हणून ती शिक्षकाच्याच जागी बसवली जाईल. दुसरी शक्यता अधिक चिंतेची, कारण ती प्रथम गरीब मुलांच्या शाळांत अमलात येईल. श्रीमंतांच्या मुलाला माणूस शिकवील आणि गिरणगावातील मुलाला बाहुली, अशी वाटणी होता कामा नये.

म्हणून काही गोष्टी आधीच ठरवून घेणे बरे. प्रतिमेचा उपयोग सरावासाठी व्हावा आणि वर्गातील संवाद शिक्षकाकडेच राहावा. मुंबईत आजही रात्रशाळा चालतात; दिवसभर काम करून आलेल्या तरुणाला इंग्रजी संभाषणाचा सराव करायला घरी कोणी नसते. त्याला अर्धा तास अशी प्रतिमा मिळाली आणि दुसऱ्या दिवशी त्याच विषयावर शिक्षकाने त्याच्याशी पाच मिनिटे बोलून घेतले, तर दोन्हींचा उपयोग होईल. मराठी शिकवण्यासाठीही आधार नाही असे नाही. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने अमराठी प्रौढांसाठी 'माय मराठी' हा पाठ्यक्रम तयार केला आहे. परदेशी भाषा शिकवण्याच्या आधुनिक पद्धतींचा त्याला आधार आहे. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने अशा पाठांना बोलक्या प्रतिमेची जोड देण्याचा विचार करावा. परदेशी कंपनी मराठीकडे कधी वळेल याची वाट पाहत बसण्यापेक्षा ते अधिक शहाणपणाचे ठरेल. मुलांचे आवाज कोठे साठवले जातात याकडेही लक्ष हवे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे; शाळांनी ती केवळ सहीचा सोपस्कार समजू नये.

बाहुली कोणती मराठी बोलेल, याचे उत्तर तर बऱ्याच अंशी वाचकांच्याच हाती आहे. यंत्र ऐकलेलेच बोलते. केंद्र सरकारच्या 'भाषिणी' या प्रकल्पात 'भाषादान' नावाची सोय आहे. तेथे कोणाही नागरिकाला आपल्या भाषेतील वाक्ये बोलून आवाज दान करता येतो. लालबागच्या मावशींचा, परळच्या निवृत्त कामगाराचा, गिरगावातील शिक्षकाचा आवाज त्या साठ्यात गेला नाही, तर उद्याच्या यंत्राला त्यांची मराठी कळणार नाही आणि दोष मात्र त्यांच्या उच्चारांना दिला जाईल. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा योग्य तो आनंद झाला. अभिजातता ही भूतकाळाची पावती आहे. भाषेचे उद्याचे आयुष्य आज ती कोण, कोणाशी आणि किती बोलतो यावर ठरते.

'ती फुलराणी'तला पेच शेवटी भाषेचा राहत नाही. मुलगी शुद्ध बोलायला शिकली; आता तिला माणूस म्हणून वागवणार कोण, हा प्रश्न प्राध्यापकापुढे उभा राहतो आणि त्याच्या साऱ्या शास्त्रापाशी त्याचे उत्तर नसते. बोलक्या प्रतिमेपुढे महिनाभर तालीम करून केरळची परिचारिका किंवा बिहारचा तरुण उद्या दादरच्या फलाटावर मराठीत पहिला प्रश्न विचारील. बाहुलीने आपले काम केलेले असेल. त्या प्रश्नाला हिंदीत उत्तर मिळाले, तर तिची सारी शिकवणी त्या क्षणी वाया जाईल. सावकाश बोललेल्या दोन मराठी वाक्यांत मिळाले, तर शहरात मराठी बोलणारे एक माणूस वाढेल. त्यासाठी कोणतेही नवे यंत्र लागत नाही, आणि हे काम कोणत्याही यंत्राकडे सोपवताही येत नाही.